शीव आणि सरहद्द

आमच्या कॉलेजातील भूगोलाचे प्राध्यापक हे मोठे फिरस्ते गृहस्थ आहेत. सुट्टी लागली की ते जे नाहीसे होतात, ते सुट्टी संपताना उन्हाने रापलेले नाक घेऊन स्टाफरूममध्ये प्रकट होतात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला जाऊन आले. आम्ही चहा पीत बसलेलो आणि ते आम्हांला मोबाइलवर एकेक चित्र दाखवीत होते. हे कार्स शहर. १८७८ पासून चाळीस वर्षे ते रशियाच्या ताब्यात होते, म्हणून काळ्या दगडांची ही रशियन घरे. हे बर्फाची टोपी घातलेले अरारत शिखर. आणि हे आनी, दहाव्या-अकराव्या शतकात आर्मेनियन राजांची राजधानी असलेले आणि आता गवताने भरलेले नगर.

"या एवढ्याशा डोंगराळ मुलखात," ते सांगत होते, "कुर्द आहेत, तुर्क आहेत, अझेरी आहेत. आर्मेनियन लोकही हजारो वर्षे होते. १९१५ च्या कत्तलीनंतर ते गेले, देवळे तेवढी राहिली. आता हे पाहा."

चित्रात एक खोल दरी होती. तळाशी नदी आणि तिच्यावर एका जुन्या पुलाचे दोन टोकांचे दोन दगडी खांब. मधली कमान केव्हाच पडून गेलेली. नदीच्या अलीकडे तुर्कस्तान, पलीकडे आर्मेनिया. एकाच नदीला एका काठावर अर्पाचाय म्हणतात आणि दुसऱ्या काठावर अखुरियान. दोन देशांमधली ही सरहद्द १९९३ साली बंद झाली आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ बंदच राहिली. अलीकडच्या गुराख्याला पलीकडच्या गुराख्याची हाक ऐकू यावी एवढेच अंतर. पण भेटायला जायचे, तर तिसऱ्याच देशातून शेकडो मैलांचा वळसा.

आम्ही सगळे हळहळलो. दुसऱ्याच्या दुःखावर हळहळायला चहा बरोबर असला म्हणजे बरे पडते. तेवढ्यात ते म्हणाले, "पण खरी गंमत पुढेच आहे. तिथल्या एका चहाच्या दुकानात एक कुर्द म्हातारा भेटला. साखरेचा खडा दातात धरून तो चहा पीत होता. माझी सगळी माहिती विचारून झाल्यावर त्याने दुभाष्याकरवी विचारले, 'तुमच्या गावाजवळ डोंगर आहेत का? त्यांत कोण राहतं?' मी म्हटले, डोंगर आहेत. पण कोण राहतं, ते काही मला धड सांगता येईना. तुम्ही तर मावळातल्या लोकलने आयुष्य काढलेत. तुम्ही सांगा पाहू, कोण राहतं?"

मी तोंड उघडले, "मावळे!" असे म्हणालो आणि ओशाळून पुन्हा मिटले.

वीस वर्षे मी पुण्याहून लोणावळा लोकलने कॉलेजला जात आहे. कान्हे स्टेशन आले की उजव्या हाताला डोंगरांची एक ओळ दिसते. पावसाळ्यात तिच्यावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि डब्यातले लोक "काय सीनरी आहे!" असे म्हणून पुन्हा पेपर उघडतात. त्या ओळीमागे आंदर मावळ आहे, हे मला ठाऊक होते. शिवरायांचे बारा मावळ मी वर्गात बोटांवर मोजून दाखवीत असे. पण त्या डोंगरांत मी कधी पाऊल टाकले नव्हते. माझ्या घरापासून कार्स जेवढे दूर, तेवढेच आंदर मावळही दूर होते. फरक एवढाच की कार्सला जाणारा तिकीट काढतो; आंदर मावळ दारातच असल्यामुळे तिकडे जायचे राहून जाते.

मग मला तो विद्यार्थी आठवला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गात तो होता. आंदर मावळच्या पार टोकाला, कड्याजवळच्या एका वाडीतला महादेव कोळी मुलगा. टाकवे बुद्रुकला मामाकडे राहायचा, सायकलने कान्ह्याला येऊन लोकल पकडायचा. दुसरे वर्ष संपण्यापूर्वीच त्याने कॉलेज सोडले. आता तो टाकव्याच्याच एका कारखान्यात पाळीवर आहे, एवढे कळले होते. फोन केला तर पलीकडून पहिलेच वाक्य आले, "सर, तुम्ही? काही चुकलं का माझं?"

या प्रश्नाने मी मनातून जरा दचकलो. त्याचे कारण पुढे सांगतो.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी मी कान्ह्याला उतरलो. तो मोटारसायकल घेऊन उभाच होता. इंद्रायणीवरचा पूल ओलांडून आम्ही टाकव्यात आलो. टाकवे बुद्रुक हे आंदर मावळचे दार. एका बाजूला कारखान्यांच्या पत्र्याच्या भिंती, दुसऱ्या बाजूला भाताची कापलेली खाचरे. चौकात चहा घेता घेता मी मास्तरकीला जागून त्याला विचारले, "बुद्रुक म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"मोठं, सर. खुर्द म्हणजे धाकटं. टाकवे खुर्द तिकडे कार्ल्याकडं आहे."

"शब्द कुठला?"

ते त्याला ठाऊक नव्हते, आणि मला सांगायला बरे वाटले. बुद्रुक म्हणजे फारसी 'बुजुर्ग', थोरला. इराणच्या डोंगराळ मुलखात आजही एकाच नावाची दोन गावे असली, तर थोरल्याला हाच शब्द जोडतात. कुठल्या कुठल्या घाटवाटांनी, घोड्यांच्या आणि कारकुनांच्या संगतीने हा शब्द निघाला आणि टाकव्याच्या पाटीवर येऊन बसला! शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातले फारसी-अरबी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द सुचविणारा राजव्यवहारकोश तयार झाला, पण महाराजांच्याच मावळात बुद्रुक आणि खुर्द ठाण मांडून राहिले. तालुका, जिल्हा, जमीन, हद्द हेही सगळे तिकडचेच पाहुणे. इतके दिवस राहिले की घरचे झाले.

आम्ही निघालो. वडेश्वर मागे पडले आणि डाव्या-उजव्या बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागले. मग एकाएकी पाणीच पाणी दिसले. हा ठोकरवाडीचा जलाशय. टाटांच्या कंपनीने आंद्रा नदी अडवून हे धरण बांधले आणि १९२२ साली त्याच्या पाण्यावर खाली भिवपुरीला वीज तयार होऊ लागली. शेजारच्या मुळशीत त्याच सुमारास सेनापती बापटांचा सत्याग्रह गाजत होता; त्याचे धडे मी शिकविले आहेत. खाचरे या पाण्याखालीही गेली, पण त्यांचा धडा काही कुठल्या पुस्तकात मला लागला नाही.

या पाण्याची एक अजब कथा आहे. आंद्रा ही मुळात पूर्वेला वाहणारी नदी. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे कुसूरच्या डोंगरावर पडलेला थेंब बंगालच्या उपसागराला जायचा. धरण झाल्यावर ते पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेले. कड्यावरून नळांनी दीड हजार फुटांहून खाली उडी घेऊन ते चाके फिरवते, उल्हास नदीला मिळते आणि अरबी समुद्राला जाते. सह्याद्रीने हजारो वर्षे सांभाळलेली पाण्याची शीव माणसाने मुंबईच्या दिव्यांसाठी ओलांडली.

जलाशयाच्या कडेने आता नवे बंगले उठले आहेत. एके ठिकाणी जुनी पायवाट तारेच्या कुंपणापाशी थांबली होती आणि तारेवर 'खासगी मालमत्ता' अशी पाटी होती. राखणदार शेजारच्याच वाडीचा निघाला. त्याने माझ्या विद्यार्थ्याला ओळखून फाटक उघडले आणि म्हणाला, "साहेब नाहीयेत आज, जावा." जिथे त्याच्या आजोबांनी गुरे चारली, तिथे तो आता इतरांना अडविण्याचा पगार घेतो. त्याला तरी काय म्हणावे?

वाटेत कातकऱ्यांचा एक पाडा लागला. आठ-दहा झोपड्या, सगळ्यांच्या दारांना काटक्या बांधलेल्या. एक कुत्रे तेवढे सावलीला पडले होते. मी विचारले, "माणसे कुठे गेली?"

"भट्टीवर, सर. दिवाळी झाली की हे लोक विटांच्या, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पोरंबाळं घेऊन. पावसाच्या तोंडावर परत येतात."

कात करणारे ते कातकरी. खैराचे जंगल गेले, कात गेला, नाव तेवढे राहिले. आपण दिवाळीचा फराळ संपवून कामाला लागतो तेव्हा इथे अख्खे गाव दाराला काटकी लावून उठते, ही गोष्ट माझ्या वीस वर्षांच्या लोकलच्या प्रवासात मला कोणी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती.

दुपारी आम्ही त्याच्या घरी पोचलो. कारवीच्या कुडाची भिंत, पुढे शेणाने सारवलेले अंगण, अंगणात पेंढ्याची उडवी. त्याच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी "मावशी" म्हटल्यावर ती जी बोलायला लागली ती थांबेना. जेवायला नाचणीची भाकरी, वालाचे कालवण आणि इंद्रायणीचा भात. हे भाताचे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ साली बाहेर आले, हे मी सांगितले. मावशींनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "वास आंबेमोहोराचाच. पर पदरात जास्त पडतं."

तेवढ्यात दारावरून एक ठाकरीण मोळी घेऊन गेली. मावशी तिच्याशी बोलल्या, ते मला निम्मे कळले. मग एक धनगर म्हातारा दुधाचा हिशेब करायला आला. त्याच्याशी त्या तिसऱ्याच वळणाने बोलल्या. मी विचारले, "मावशी, तुम्हांला या सगळ्यांच्या बोली येतात?"

"येत्यात कशाच्या! शिवंला शीव लागून हाये. कानावर पडतं."

मी मराठीचा एम.ए. मला बोलता येते ती मराठी एक. या बाईने शाळेचे दार पाहिलेले नाही आणि सकाळपासून तिने तीन मराठ्या बोलून झाल्या होत्या!

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. या मुलाने लिहिले होते की आषाढात आमच्याकडे आवणी असते, तेव्हा गावात कोणी रिकामे नसते. मी 'आवणी' शब्दावर तांबडी रेघ मारून वर 'लावणी' लिहिले. पुढे त्याचे वाक्य होते, 'आमच्या गावची शीव कड्यावर सरते.' तिथे मी दुरुस्ती केली, 'आमच्या गावाची सीमा कड्यावर संपते.' अशा सतरा-अठरा रेघा मारल्या आणि खाली शेरा दिला, 'भाषा शुद्ध करावी.' त्याने ती केली. त्यानंतरचे त्याचे सगळे निबंध शुद्ध होते. त्यांत ना आवणी होती ना शीव, ना त्याचे गाव होते ना तो स्वतः. मी त्याला दर वेळी जास्त मार्क देत गेलो. मग एके दिवशी तो वर्गात दिसेनासा झाला.

जेवण झाल्यावर मी त्याला हळूच विचारले, "तू कॉलेज सोडलंस, ते माझ्या त्या तांबड्या शाईमुळे तर नाही ना?"

तो हसला. "नाही हो सर. बाबा आजारी पडले, शेत बघायला कोणी नव्हतं." जरा थांबून म्हणाला, "पण वही आईला दाखवली होती. तिला वाचता येत नाही, पण तांबडं एवढं कशाला म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, आवणी चूक आहे, लावणी बरोबर आहे."

"मग?"

चुलीपाशी भांडी आवरणाऱ्या मावशींनीच उत्तर दिले, "मी म्हनलं, सरांच्या गावाला लावनी म्हनत असतील. तिथं त्यांचं बरोबर. आपल्या गावाला आपलं बरोबर. त्यात तांबडं कशापायी?"

मी भाषाशास्त्रावर पुष्कळ वाचले आहे. प्रमाणभाषा आणि बोली यांचा परस्परसंबंध या प्रश्नाचे उत्तर मी परीक्षेसाठी लिहूनही देतो. ते दोन पानांचे असते. मावशींनी ते चार वाक्यांत दिले आणि परातीला राख लावली.

मावशींना त्या दिवशी खाली भिवपुरीकडे बहिणीकडे जायचे होते. कुसूरचा घाट मलाही उतरायचा होता, म्हणून तिघेही बरोबर निघालो. कड्याच्या तोंडाशी आलो आणि पायाखालची जमीन संपली. खाली अगाध कोकण पसरले होते. पाठीमागे पुणे जिल्हा, पुढे रायगड, ज्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. मी इकडेतिकडे पाहिले. पाटी नाही, चौकी नाही, तार नाही. एका झाडाखाली शेंदूर लावलेला दगड तेवढा होता. मावशींनी वाटेतली एक डहाळी मोडून त्याच्यापुढे ठेवली. तिथे आधीच्या वाटसरूंनी ठेवलेल्या डहाळ्यांचा ढीग होता. काही वाळलेल्या होत्या, काही सकाळच्या.

"हा कोणाचा देव?" मी विचारले.

"शिवंवरचा. वरच्यांचा बी आन् खालच्यांचा बी. वर येनारा ठेवतो, खाली जानारा ठेवतो."

त्यांची बहीण खाली दिलेली, नणंद खालून वर आलेली. ठाकरांच्या सोयरिकीही अशाच घाटाच्या दोन्ही अंगांना. भूगोलाच्या पुस्तकात जी रेघ दोन प्रदेशांना तोडते, ती इथल्या माणसांच्या नात्यांत शिवणीसारखी आहे. तिथे उभा असताना मला आनीचा तो पडका पूल आठवला. तिथेही पूर्वी असेच असणार. अलीकडची लेक पलीकडे, पलीकडची अलीकडे; मिठाची पोती, लोकरीचे गठ्ठे, लग्नाची वऱ्हाडे. डोंगरात वेगवेगळे लोक एकत्र राहतात म्हणून भांडणे होतात असे नव्हे. ती कुठे होत नाहीत? पण दूर कुठल्या तरी कचेरीत बसून जेव्हा कोणी ठरवितो की येथून तेथवर एकच भाषा बरोबर, एकच लोक बरोबर, तेव्हा शिवेची सरहद्द होते आणि पुलाची कमान पडते.

आपल्या भाषेत या दोन्ही शब्दांना जागा आहे. 'सरहद्द' तिकडूनच आलेला शब्द. ती एकाचे राज्य संपते तिथे असते आणि तिच्यावर पहारा असतो. 'शीव' आपली जुनी, संस्कृत सीमेची लेक. ती दोन गावे एकमेकांना लागतात तिथे असते आणि तिच्यावर देव असतो. वर्गाच्या वहीत तांबडी रेघ मारताना मी जी आखली होती, ती शीव नव्हती. त्या मुलाच्या वहीवर मी चौकी बसविली होती, आणि स्वतःला मात्र भाषेचा सेवक समजत होतो.

घाट उतरायला मला तीन तास लागले. मावशी अनवाणी पुढे चालत होत्या आणि दर वळणावर बसून माझी वाट पाहत होत्या. काही ठिकाणी जुन्या फरसबंदीचे दगड अजून शाबूत आहेत. पायथ्याला भिवपुरीत एक दगडी बांधणीचे सुंदर तळे आहे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी ते बांधविले असे सांगतात. १७६१ साली भाऊ पानिपतावर पडले, पण पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही; अखेरपर्यंत वाट पाहिली. ज्या बाईचा माणूस दूरच्या सरहद्दीकडे गेला आणि परत आला नाही, तिने घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या अनोळखी माणसांसाठी पाण्याची सोय केली, ही गोष्ट खरी असावी असे मला फार वाटते.

तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही निरोप घेतला. मावशी म्हणाल्या, "पुढच्या बारीला आवनीला या." आणि लगेच माझ्याकडे पाहून, अगदी मनापासून, पुढे म्हणाल्या, "तुमच्या तिकडं लावनी म्हनत्यात न्हवं? लावनीला या."

कॉलेजात गेल्यावर मी भूगोलाच्या प्राध्यापकांना म्हटले, "पुन्हा कार्सला गेलात, तर त्या म्हाताऱ्याला सांगा, आमच्या डोंगरात महादेव कोळी राहतात, ठाकर राहतात, कातकरी आणि धनगर राहतात, मराठे राहतात. आणि त्यांच्या शिवेवर एक देव आहे, त्याला डहाळी लागते." त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

या वर्षी पहिल्या वर्गाचे निबंध तपासताना अनोळखी शब्द आला, की मी रेघ मारीत नाही. समासात एवढेच लिहितो, 'हा शब्द कोणत्या गावचा?' मुले मोठ्या हौसेने सांगतात. परीक्षेत कोणता शब्द चालेल तेही मी सांगतो, कारण पोटासाठी त्यांना तोही हवा. पण दोन्ही शब्द वहीत शेजारी शेजारी राहतात.

आणि या आषाढात मी आवणीला गेलो. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरले घेऊन, अर्धे खाचर कसेबसे पुरे केले. माझ्या हातची रोपे फार वाकडी लागली होती. मावशींनी ती मागून येऊन एकेक सरळ केली. तांबडी शाई मात्र वापरली नाही.